लाल पाकिटातल्या तारा

ढमीला दुपारी झोपवण्याचे सतरा उपाय तिच्या आईने एका वहीत लिहून ठेवले होते आणि त्यातल्या सोळांवर आडवी रेघ मारलेली होती. मांडीवर थोपटणं झालं, खांद्यावर टाकून फेऱ्या झाल्या, मिक्सरचा आवाज, नळाचा आवाज, आत्याने पाठवलेला कापडी ससा, सगळं झालं. नऊ महिन्यांची ढमी प्रत्येक उपायाकडे एकदा नीट बघायची आणि गिऱ्हाईकाने माल नापसंत करून पुढच्या दुकानाकडे वळावं तशी मान वळवायची. सतरावा उपाय तेवढा चालायचा. तो म्हणजे बापाची गिटार.

गिटार विजेवरची होती, पण दुपारी ती स्पीकरला न जोडताच वाजवायची, त्यामुळे आवाज डब्यात डास अडकल्याएवढा. बाप तीन-चार सूर छेडायचा आणि ब्रिजला लावलेली लोखंडी दांडी अलगद दाबायचा. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची ती पट्टी, जिच्यात तारांची खालची टोकं अडकवलेली असतात. दांडी दाबली की पट्टी कलायची, तारा सैलावायच्या आणि सूर लोण्यासारखा खाली घसरायचा. त्याच्यासोबत ढमीच्या पापण्याही घसरायच्या. अशा आठ-दहा घसरगुंड्या झाल्या की काम फत्ते. रेकॉर्ड करून ऐकवलेलं तिला चालत नसे. ती फोन हिसकावून चावायला बघे.

आता बाप परगावी लिफ्ट बसवायच्या कामावर सहा आठवड्यांसाठी गेला होता आणि सोमवारी आईची रजा संपत होती. ती विमा कंपनीत, जोखीम मोजायच्या खात्यात होती. कुठल्या कारखान्यात काय पेट घेईल, कुठला जिना कोणाला पाडेल, याचा विचार करण्याचा तिला पगार मिळायचा. घरी तेच काम ती फुकट करायची. साहेबांनी रजा दोनदा वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मागितली तर ‘आता घरीच बसा’ असं ते गोड शब्दांत सांगतील, हे तिला पक्कं माहीत होतं. ढमीला दिवसभर सांभाळायला सासरे तयार होते. भरवणं, पुसणं, बदलणं ते तिच्यापेक्षा नीट करायचे. प्रश्न फक्त दुपारी एक वाजताचा होता. एकला झोपली नाही तर चारला ढमी माणसात नसायची आणि तिच्यापायी घरातलं दुसरं कोणीही.

तिने स्वतः दोन आठवडे बोटं सोलून ते चार सूर आणि दांडी शिकून घेतली होती. आता तेच सासऱ्यांना शिकवायचं होतं.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले होते. किराण्याचे, सोनाराचे, आख्खा ट्रक चढवून मोजायचे, सगळे. निवृत्त झाल्यावरही एक सोनारी काटा आणि पितळी वजनांची पेटी त्यांनी कपाटात शर्टांच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. मुलाच्या गिटारला ते पंधरा वर्षं ‘ते खोकं’ म्हणत आले होते. पण नातीसाठी त्यांनी खोकं मांडीवर घेतलं.

“हे सुरात आहे का नाही ते कळतं कसं?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

सुनेने फोनवरचा ट्यूनर दाखवला. तार छेडली की पडद्यावर एक काटा हलायचा आणि बरोबर मध्ये आला की हिरवा व्हायचा.

“काटा आहे होय,” सासरे म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खोकं मांडीवर जरा सावरून धरलं.

घात झाला तो इथेच. त्यांना हिरवा पुरत नव्हता, बरोबर मध्य हवा होता.

“बाबा, हिरवा झालाय. बास आता,” गुरुवारी दुपारी सून म्हणाली. ढमी तिच्या खांद्यावर अर्धी पेंगलेली.

“केसभर डावीकडे आहे.”

“एवढं ऐकू येत नाही.”

“ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाईकाला कमी द्यायचं का?” असं म्हणून त्यांनी खुंटी आणखी केसभर पिळली. सगळ्यात बारीक तार टण्णकन तुटली आणि त्यांच्या चष्म्यावर आपटली. ढमी डोळे उघडून खदखदून हसली आणि संध्याकाळपर्यंत जागी राहिली. आईने वहीत लिहिलं, ‘गुरुवार, झोप नाही, कारण तार.’ त्याखाली ‘डोळा वाचला’ असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

सासरे त्याच संध्याकाळी तारा आणायला गेले. मुलगा नेहमी निळ्या पाकिटातल्या तारा लावायचा. दुकानात निळं पाकीट नव्हतं, लाल होतं. दुकानदार म्हणाला, नंबर तोच आहे आजोबा, कंपनी वेगळी एवढंच. सासऱ्यांनी जुनं पाकीट खिशातून काढून सहाही तारांच्या जाडीचे आकडे ताडून पाहिले, दोनदा, आणि मगच लाल पाकीट घेतलं.

शुक्रवारी सकाळी ढमीची आंघोळ उरकून सून बाहेर आली तर जेवणाच्या टेबलावर गिटार उताणी पडलेली, एकही तार नसलेली, पुसून लख्ख केलेली. शेजारी जुन्या तारांची सहा वेटोळी, प्रत्येकावर चिठ्ठी.

“सगळ्या का काढल्या? एकच तुटली होती ना?”

“संचातलं एकच वजन कोणी बदलत नाही. आणि काट्याला हात लावायचा तर आधी तो रिकामा करून शून्यावर आणायचा.”

पण हा काटा रिकामा केल्यावर शून्यावर येणारा नव्हता. तारांची ओढ गेल्यावर ब्रिज मागे झुकून लाकडाला चिकटून रुसून बसला होता. नव्या तारा घातल्या, पहिली सुरात लावली, दुसरी लावली. सहावीपर्यंत पोचावं तो पहिली उतरलेली. पहिली परत चढवली की बाकीच्या पाच उतरायच्या. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. एका खोलीतली पोरं झोपवून दुसऱ्या खोलीत जावं आणि पहिल्या खोलीतली उठावीत, असा तो प्रकार चालला होता. सातव्या फेरीला कसंबसं सगळं हिरव्याच्या आसपास आलं, तेव्हा ब्रिज आता उलट्या बाजूला कलला होता. बसलेल्या कोंबडीने शेपूट उचलावं तशी त्याची मागची कड हवेत आलेली. तारा इतक्या उंच झालेल्या की दाबताना बोट कापेल असं वाटावं.

एक वाजता सुनेने तशीच वाजवली. दांडी दाबली, सूर घसरला, पण परत येताना तो आपल्या घरी न येता शेजाऱ्याकडे गेला. ढमीने ऐकून घेतलं. मग आईकडे अशा नजरेने बघितलं की तिला वाटलं, हिने आपल्याला नापास केलं. त्यानंतर जो टाहो फोडला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला.

वहीत सतराव्या उपायासमोर पेन टेकवून आई बराच वेळ बसली. रेघ मारली नाही. रेघ मारली असती तर साहेबांना फोन करावा लागला असता.

चहाच्या वेळेला नवऱ्याचा फोन आला.

“सगळ्या तारा एकदम काढल्या?” तो म्हणाला. मागे ड्रिल चालू होतं. “अगं, त्या ब्रिजला मागून स्प्रिंगा असतात. एकेक काढून एकेक घालायची असते.”

“हे तू आता सांगतोयस.”

“तुम्ही तिकडे ऑपरेशन मांडून बसणार हे मला काय स्वप्न पडलं होतं? कुठल्या तारा आणल्यात?”

“लाल पाकीट. नंबर तोच.”

“नंबर तोच ना, मग काही होत नाही. दोन दिवस ताणू दे, बसतील जागेवर.” मग त्याने आवाज खाली आणला. “आणि हे बघ, बाबांना मागचं झाकण उघडू देऊ नकोस. काहीही झालं तरी.”

तिने टेबलाकडे पाहिलं. सासरे झाकणाचा सहावा स्क्रू काढून बशीत ठेवत होते.

“नाही देत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

झाकणाखाली एक खोबण होती आणि खोबणीत तीन स्प्रिंगा. त्यांची एक टोकं ब्रिजच्या पोटातून खाली आलेल्या ठोकळ्यात अडकवलेली, दुसरी टोकं एका पत्र्याला, आणि तो पत्रा दोन लांब स्क्रूंनी लाकडात कसलेला. सासरे चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी सुनेला जवळ बोलावलं.

“हा काटाच आहे गं.”

“कुठला काटा?”

“आख्खा. इकडून सहा तारा ओढतात, तिकडून तीन स्प्रिंगा ओढतात. ही पट्टी मध्ये काट्याच्या दांडीसारखी तोललेली. पोरगा पंधरा वर्षं घरात काटा घेऊन बसला आणि मला सांगितलं नाही.”

“मग आता काय झालंय?”

“एक पारडं जड झालंय. तारांचं.” त्यांनी लाल पाकीट उलटून पाहिलं. “पण नंबर तर तोच आहे.”

त्यांनी कपाटातून सोनारी काटा काढला. सुनेने न सांगता पंखा बंद केला, कारण वाऱ्याने तो काटा डुलतो हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मग त्यांनी जुन्या तारांचे आणि नव्या तारांच्या उरलेल्या टोकांचे अगदी सारख्या लांबीचे तुकडे कापले. आधी जाडी मोजली, ती सहाही तारांची तंतोतंत सारखी. मग वजन केलं. बारीक तीन तारा जुन्या-नव्या सारख्याच भरल्या. जाड तीन तारांचं नवीन पारडं खाली गेलं. त्यांनी पारड्यांची अदलाबदल करून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“जाडी तीच, वजन जास्त,” ते म्हणाले. “या जाड तारा म्हणजे आत एक तार आणि तिच्यावर दुसरी गुंडाळलेली. या लाल कंपनीने आतली जाड घेतली असेल, नाहीतर गुंडाळलेली वेगळ्या धातूची. वरून कळत नाही.”

“म्हणजे दुकानदाराने फसवलं?”

सासऱ्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. दुकानदार फसवतात यावरच त्यांचं आयुष्य चाललं होतं. “नाही,” ते शेवटी म्हणाले. “तो खरं तेच बोलला. मीच चुकीचं माप विचारून आलो.”

तार जड असली की तोच सूर काढायला ती जास्त ताणावी लागते, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, पण किती जास्त हे आकड्यात कळल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. त्यांनी गिटारवरच्या नव्या जाड तारा सोडवून घेतल्या आणि दाराच्या चौकटीला एक फळी उभी बांधली. वर आणि खाली एकेक पेन्सिल आडवी अडकवली, दोन्हींमधलं अंतर गिटारवरच्या तारेएवढं. फळीच्या वरच्या टोकाला ठोकलेल्या खिळ्याला तार, तारेच्या खालच्या टोकाला बादली, बादलीत पितळी वजनं. एकेक वजन टाकायचं, तार छेडायची आणि फोनवरचा काटा हिरवा होईपर्यंत थांबायचं नाही.

सुनेने या सगळ्याकडे एकदा आपल्या खात्याच्या नजरेने पाहिलं. बादलीखाली दोन उशा ठेवल्या. ढमीची उंच खुर्ची सात पावलं लांब नेऊन पट्ट्यांनी बांधली, आणि स्वतः मध्ये उभी राहिली. सासऱ्यांना पोहायचा जुना चष्मा घालायला लावला.

“यात मला दिसत नाही.”

“वजनं हाताने ओळखता ना तुम्ही.”

हा टोमणा नव्हे, कौतुक आहे असं समजून त्यांनी चष्मा घातला. ढमी टाळ्या वाजवत होती. जुन्या तारेला सात किलोच्या जरा अलीकडे हिरवा आला. त्याच नंबरच्या नव्या तारेला त्याहून अर्धा किलो जास्त लागला. उरलेल्या दोन जाड तारांचंही थोड्याफार फरकाने तेच.

“तिन्हींचे मिळून दीड किलो,” सासरे म्हणाले.

“ढमी झाली तेव्हा तीन किलोची होती,” सून म्हणाली. “म्हणजे त्या पट्टीला अर्धी ढमी लटकतेय.”

दोघांनी वळून ढमीकडे पाहिलं. मग ब्रिज का उचलला गेला याबद्दल कोणालाच काही विचारायचं राहिलं नाही.

शनिवारचा दिवस दुसरं पारडं जड करण्यात गेला. सासऱ्यांची युक्ती जुनीच होती, मोठ्या काट्यांवर वापरायची. आधी काट्याची दांडी समतल करून तिला पाचर मारायची म्हणजे ती हलायची थांबते, मग शांतपणे दोन्ही बाजू भरायच्या. त्यांनी कपड्यांच्या लाकडी चिमट्याची एक फाक तासून, ब्रिजचा ठोकळा आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये बसवली. ब्रिज सपाट झाला आणि तसाच राहिला. मग तारा लावल्या. एकाच फेरीत सहाही हिरव्या झाल्या, एकीनेही दुसरीला खाली ओढलं नाही. सुनेला एवढं बरं वाटलं की ती खाली बसली.

“आता ते दोन स्क्रू,” सासरे म्हणाले. “मी अर्धा-अर्धा आटा देतो, एकदा हा, एकदा तो. स्प्रिंगांची ओढ तारांएवढी झाली की पाचर आपली आपण सुटेल. तू हात खाली धर.”

तिने गिटारखाली ओंजळ धरली. एक आटा, दुसरा आटा. सासरे श्वास रोखून होते आणि ते रोखताहेत म्हणून तीही. ढमी जमिनीवर बसून बशीतले झाकणाचे स्क्रू मोजत होती, म्हणजे बशी उपडी करत होती, आणि आईने ओंजळ न हलवता पायाने बशी लांब सारली. सहाव्या आट्याला चिमट्याची फाक टपकन तिच्या हातात पडली. ब्रिज जागचा हलला नाही.

तिने गिटार घेऊन दांडी दाबली. सूर खाली गेला आणि परत बरोबर आपल्या घरी आला.

“उद्या रंगीत तालीम,” ती म्हणाली. “एकला मी घरात नसेन.”

रविवारी पाऊण वाजता तिने सासऱ्यांना सगळं पुन्हा सांगितलं, वहीतलं पान फाडून भिंतीला चिकटवलं, ढमीची पापी घेतली आणि दार ओढून घेऊन बाहेर आली. लांब जायचं ठरलं होतं. ती दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली. दारातून सगळं ऐकू येत होतं.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी पिशवी घेऊन जिना चढत होत्या. “बाहेर काढलं का काय सासऱ्यांनी?”

“नाही, सराव चालू आहे.”

“कसला?”

“मी नसण्याचा.”

मावशींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि वर गेल्या.

आत गिटार सुरू झाली. सूर बरोबर होते, इतके बरोबर की वजनं एकापाठोपाठ एक पारड्यात ठेवल्यासारखे. टक, टक, टक. दांडीही सासरे मोजून दाबत होते. ढमी आधी कुरकुरली, मग रडायला लागली, मग तिचा तो खास सूर लागला, जो कुठल्याही ट्यूनरवर हिरवा आला नसता. आई दोन पायऱ्या चढून वर आली. तिचं बोट बेलच्या बटणापर्यंत गेलं. सोमवार बुडाला, तिने मनात म्हटलं, आता साहेबांना काय सांगायचं तेवढं ठरवायचं.

तेवढ्यात वाजवणं थांबलं.

“बरं,” आतून सासऱ्यांचा आवाज आला. गिऱ्हाईकाशी बोलायचा, न चिडणारा. “तुला पटत नाहीये. मग कुठे फरक येतोय ते बघू. आधी ही रिकामी करू.”

त्यांनी एक तार छेडली आणि खुंटी सैल सोडायला घेतली. सूर उतरायला लागला. दांडीने उतरायचा तसा थोडासा नाही, तर सावकाश, लांबलचक, जिनेच्या जिने उतरून पार तळघरात. ढमीच्या रडण्याला उचकी लागली.

“ही झाली. आता बघ, हिची ओढ गेली की तिकडच्या स्प्रिंगा काय करतात? बाकीच्यांना ओढून घेतात. म्हणून मग हिलाही सोडायची.” दुसरी तार खाली, खाली, खाली. “घाई नाही. आपल्याला कुठे जायचंय.”

तिसऱ्या तारेपाशी रडणं थांबलं. पाचवीनंतर सासऱ्यांचा आवाजही बारीक झाला. सहावी उतरली आणि मग आत काहीच ऐकू येईना.

तिने कान दाराला लावला. काहीच नाही. वेळ बघायला तिने खिशात हात घातला, आणि तेव्हा कळलं की फोन आत आहे, ट्यूनर म्हणून. किल्लीही आत, खुंटीला. वहीसुद्धा आत. बेल वाजवली तर ढमी उठणार.

ती पायरीवर बसली. काय काय होऊ शकेल त्याची यादी सवयीने सुरू झाली. तार डोळ्यात, स्क्रू तोंडात, सासऱ्यांना डुलकी, पलंगाची कड, उशी. अकरापर्यंत गेली. बाराव्याला काही सुचेना. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या हातात काही नव्हतं आणि करायलाही काही नव्हतं. भिंतीला डोकं टेकवलं ते तिला आठवत होतं, त्यानंतरचं नाही.

दार उघडलं तेव्हा जिन्यातलं ऊन पायऱ्या ओलांडून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. सासरे दारात उभे, एका कडेवर ढमी, दुसऱ्या हातात गिटार.

“तू इथे काय करतेस?”

“किल्ली आत राहिली.”

“मग बेल वाजवायचीस ना.”

तिने ढमीकडे बोट दाखवलं.

“हां,” ते म्हणाले. “बरोबर.”

“किती झोपली?”

“दोन तासांना दहा मिनिटं कमी. आत्ता उठली.”

ढमी टवटवीत दिसत होती. आईकडे बघून हसली आणि परत आजोबांच्या चष्म्याच्या काडीकडे वळली.

“मी नाही म्हणून रडली का?” आईने विचारलं.

“नाही.”

“थोडं तरी?”

सासऱ्यांच्या तोंडावर क्षणभर मोह दिसला, पण खोटं वजन त्यांनी जन्मात कधी दिलं नव्हतं. “नाही गं पोरी. माझ्या वाजवण्यावर रडली.”

गिटारच्या सहाही तारा दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारख्या लोंबत होत्या. ब्रिज पुन्हा लाकडाला चिकटून बसलेला.

“सगळ्या उतरवाव्या लागल्या,” सासरे म्हणाले. “पाचवीपर्यंत एक डोळा उघडा होता. दांडी फार थोडं उतरवते, हिला पूर्ण उतार लागतो. आता पाचर मारून परत लावायला हवं. रोजच लावावं लागणार, सकाळी दहा ते बारा.” हे सांगताना त्यांचा चेहरा नुकतीच नोकरी लागलेल्या माणसासारखा होता.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. त्याने आधी ढमीची चौकशी केली, मग बाबांची, आणि मग धीर करून विचारलं, “गिटार सुरात आहे ना?”

“दुपारी एक वाजेपर्यंत असते,” ती म्हणाली, आणि फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून उद्याचे कपडे इस्त्रीला घेतले.